एकाच बाजूने झिजलेली तबकडी

आमच्या लोणी भापकरात यज्ञवराहाची एक दगडी मूर्ती आहे. पुष्करणी पाहायला येणारे लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि जातात. वराहाच्या पाठीवरून झूल सोडलेली दाखवली आहे आणि त्या झुलीवर विष्णूच्या छोट्या छोट्या मूर्तींच्या रांगा आहेत. दहा पावलांवरून ती नुसती नक्षी वाटते. हातभर अंतरावर बसलं की एकेक विष्णू वेगळा होतो. आणि अगदी नाक टेकवून, भिंग लावून पाहिलं तर विष्णू पुन्हा नाहीसा होतो. उरतात ते छिन्नीचे घाव आणि दगडाचे कण. वीरगळ आणि शिलालेख धुंडाळण्यात माझी तीसेक वर्षं गेली. हे काम मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही. जे काही कळलं ते अशा दगडांपाशी उकिडवं बसून. वस्तू किती जवळून पाहावी याचंही एक माप असतं, हे मला ठाऊक होतं असं मी समजत होतो. पण आजीच्या एका फुटक्या ग्रामोफोन रेकॉर्डपायी मी ते माप पार विसरलो, त्याची ही हकिगत.

दोन वर्षांपूर्वी जुन्या घराचं माळवद उतरवायला घेतलं तेव्हा वरची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात चावीचा फोनो होता, पिनांची गंजलेली डबी होती आणि लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेल्या बावीस रेकॉर्डी होत्या. फोनो आजीचा, तिच्या माहेरून आलेला, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. मी पाच वर्षांचा असताना आजी गेली. तिनं तो वाजवलेला मला आठवत नाही. एकवीस रेकॉर्डी धड होत्या: नाटकातली पदं, भजनं, दोन-तीन भावगीतं. बाविसावीचे दोन तुकडे झाले होते आणि काठापासून आत गेलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी एक कपची वेगळी निघाली होती. या एकाच रेकॉर्डचं लेबल खरवडल्यासारखं दिसत होतं. दोन्ही बाजूंनी. गाणाराचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. बाकी एकवीस लेबलं शाबूत.

संशोधनाची खोड असलेल्या माणसाला एवढं पुरतं. सुरुवातीच्या काळात रेकॉर्डवर गायला पुढे आलेल्या बहुतेक बायका गाण्यावर पोट असणाऱ्या घराण्यांतल्या होत्या. कुळवंत म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका त्यात नव्हत्या. त्यांचं गाणं घरात आलं ते कर्ण्यातून, बाई समोर न बसता. मग मी तर्क लढवला: आजीला गाणं आवडलं, पण घरातल्या कुणा पुरुषाला लेबलावरचं नाव खटकलं आणि त्यानं ते खरवडून काढलं. या तर्कावर मी चार पानांचं टिपण लिहिलं. चार जणांना वाचूनही दाखवलं.

नाव लेबलावर नसलं तरी आवाजावरून ओळखता येईल, आणि आवाज खाचेत आहे. तेव्हा आधी खाच समजून घ्यायला हवी होती.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग १९०२च्या अखेरीस कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणाऱ्यानं कर्ण्यात तोंड घालून मोठ्यानं गायचं, त्या हवेच्या दाबानं पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीत नागमोडी खाच ओढत जायची. वीज नाही, मायक्रोफोन नाही; गळ्याच्या जोरावरच ती खाच पडे. या मेणाच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथं त्यांच्यावर तांबं चढवून उलटे साचे काढत, त्या साच्यांवरून रेकॉर्डी छापत आणि बोटीनं इकडे विकायला पाठवत. गौहर जान गाणं संपताना इंग्रजीत आपलं नाव सांगते, ते हॅनोव्हरच्या कामगारांना हा आवाज कुणाचा हे कळावं म्हणून, असं सांगितलं जातं. १९०८मध्ये कंपनीनं कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला आणि तो समुद्रप्रवास थांबला. पुढे कारखाना दमदमला गेला. विशेष म्हणजे ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी आपल्याकडे इतका काळ निघत राहिल्या की बीटल्सची गाणीसुद्धा त्या जुन्या पद्धतीच्या तबकडीवर भारतात छापली गेली.

तबकडी कशाची, तर लाखेची. आपल्याला लाख माहीत आहे ती बोरमाळेच्या मण्यांत भरलेली किंवा पोस्टाच्या सीलची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक बारीक किडा बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती लाख सोडतो. छोटा नागपूरच्या जंगलांतले लोक ती खरवडून गोळा करत. जगातल्या रेकॉर्डींना लागणारी लाख मुख्यतः तिथून जाई. दुसऱ्या महायुद्धात ही लाख मिळेनाशी झाली तेव्हा अमेरिकेत नवी रेकॉर्ड हवी असेल तर जुनी आणून द्या, असं दुकानदार सांगू लागले. अमेरिकन सैनिकांसाठीच्या खास रेकॉर्डी त्याच काळात विनाईल या नव्या पदार्थाच्या निघाल्या आणि १९४८मध्ये कोलंबिया कंपनीनं विनाईलची लाँग प्ले बाजारात आणली. म्हणजे झारखंडातल्या पळसावरचा किडा न्यूयॉर्कातल्या नाचाला पुरवठा करत होता. असो.

पण लाखेची म्हणायची ती तबकडी निम्मीसुद्धा लाखेची नसते. लाख असते एक तृतीयांशाहून कमी. बाकी दगडाची भुकटी, थोडा कापसाचा तंतू आणि काळा रंग यावा म्हणून काजळी. दगड कशाला? एक तर तबकडी ताठ राहावी म्हणून. दुसरं कारण मला कळलं तेव्हा मजा वाटली. फोनोचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जड आणि त्याचा सगळा भार पिनेच्या टोकावर. ते टोक इतकं बारीक की दाबाचा हिशेब केला तर चौरस इंचाला टनांत जातो. अशी पोलादी पिन नुसत्या लाखेतून गेली तर खाच फाडून काढील. म्हणून तबकडीतच सहाणेसारखे कण मिसळायचे. पहिल्या काही फेऱ्यांत पिन झिजते, खाचेच्या मापाची होते आणि मग गाणं सुरळीत वाजतं. दर बाजूला पिन बदला, असं सांगत ते यासाठी. ती पाळायची शिस्त होती आणि अर्थातच घरोघरी ती पाळली जात नसे. दोनशे पिनांची डबी संपली की तालुक्याला जावं लागे. जुन्या रेकॉर्डची खरखर म्हणजे काळाचा आवाज वगैरे आपण म्हणतो. तो बराचसा दगडाचा आवाज आहे.

आता खाचेची मापं. दहा इंची रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेते आणि तीन मिनिटं वाजते. म्हणजे एका बाजूला सुमारे २३४ फेरे. ते सगळे मिळून एकच सलग खाच असते. ती उलगडून सरळ केली तर सव्वाशे मीटर भरेल. आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाचेची रुंदी मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाएवढी. एका इंचात अशा शंभरेक खाचा शेजारी शेजारी. आवाज म्हणजे या खाचेचं डावी-उजवीकडे डुलणं. मोठ्यानं लावलेला सूर खाचेला केसाच्या निम्म्या जाडीएवढा बाजूला ढकलतो. हळू सूर त्याहून कितीतरी कमी. पण लांबीला सूर चांगला ऐसपैस असतो. काठाकडे सुईखालून सेकंदाला जवळपास एक मीटर खाच सरकते. काळी चार-पाचच्या आसपासचा मध्य षड्ज घेतला तर त्याचं एक वळण तिथं चार-पाच मिलिमीटर लांब पडतं. गळ्याचा धारदारपणा म्हणजे त्या मोठ्या वळणावरच्या बारीक सुरकुत्या.

याचा अर्थ असा की सूर पाहायला घड्याळजीचं दहापट भिंग पुरतं. ते माझ्याकडे होतं. मी ते लावून खिडकीच्या तिरप्या उजेडात तासन् तास बसलो. लांबलेला सूर एकसारख्या लाटांसारखा दिसतो, तान दाट सुरकुत्यांसारखी, आणि गाणारी श्वास घेते तिथं खाच सरळ होते. तो श्वास बघून मी थांबलो होतो हे कबूल करतो. शिवाय तुकड्यांच्या एका बाजूला, काठापासून दीड-पावणेदोन सेंटिमीटर आत, काळ्या चकाकीत एक राखाडी पट्टा होता. तो पट्टा कपचीवरही आला होता. दुसऱ्या बाजूला असं काही नव्हतं.

इथंच थांबायला हवं होतं. पण अमेरिकेतल्या बेन क्रॅस्नो नावाच्या हौशी तंत्रज्ञानं २०१५मध्ये लाँग प्लेचा तुकडा आणि त्यावर टेकलेली सुई इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवून एकेक चित्र घेतलं होतं आणि ती जोडून सुई खाचेतून चालताना दाखवली होती. ते पाहिल्यापासून माझ्या डोक्यात तेच होतं. भिंगातून इतकं दिसतं तर हजार पटीला काय दिसेल?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची कल्पना जर्मनीतली. १९३१मध्ये बर्लिनला अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत आणि काचेऐवजी चुंबकाची भिंगं वापरून पहिलं यंत्र केलं. रुस्कांना त्याचं नोबेल मिळालं १९८६ला, पंचावन्न वर्षांनी. आपल्या देशातलं पहिलं असं यंत्र नीरजनाथ दासगुप्ता यांनी १९४०च्या दशकात कलकत्त्यात बांधलं. विकत आणलं नाही, बांधलं. ज्या शहरात देशातल्या रेकॉर्डी छापल्या जात होत्या त्याच शहरात. या दोन गोष्टींचा तिथं कधी संबंध आला नाही, पण मला हे शेजारपण आवडतं. पृष्ठभागावरून झोत ओळीओळीनं फिरवून चित्र काढणारी जात वेगळी. मॅनफ्रेड फॉन आर्डेन यांनी १९३७मध्ये तिचा पाया घातला आणि केंब्रिजला चार्ल्स ओटलींच्या हाताखाली ती वाढली. १९६५पासून ती यंत्रं बाजारात मिळू लागली. खाच पाहायची तर ही दुसरी जात लागते.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ओळखीनं वेळ मिळाली. आख्खी रेकॉर्ड त्या यंत्राच्या कोठडीत मावत नाही, त्यामुळे धड रेकॉर्ड पाहायची तर ती फोडावी लागते. माझ्याकडे कपची आयतीच होती. यंत्र चालवणाऱ्या संशोधक बाई माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या. त्यांनी कपची चिमट्यात धरली आणि विचारलं, "काका, यात नेमकं काय बघायचंय?"

"गाणं," मी म्हणालो.

"गाणं नाही दिसणार. खड्डे दिसतील," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

दुसरी अडचण सोन्याची. इलेक्ट्रॉनचा झोत पडला की लाखेसारख्या वस्तूवर विजेचा भार साचतो आणि चित्र पांढरं पडतं. म्हणून नमुन्यावर आधी सोन्याचा पातळ मुलामा देतात. आजीच्या रेकॉर्डवर सोनं चढवायचं की नाही यावर मी बाहेर जाऊन चहा पिऊन विचार केला. मुलामा दहा-पंधरा नॅनोमीटरचा. खाचेची रुंदी त्याच्या दहा हजार पट. सुईला त्याचा पत्ताही लागणार नाही, असं बाईंनी कागदावर गणित मांडून दाखवलं. कपचीला चिकटपट्टी लावायची नाही, कडेनं धरायची, एवढी अट मी घातली. मग हवा काढून घेतली आणि पडद्यावर चित्र आलं.

तीसपटीला ते ओळखीचं होतं. उसाच्या सऱ्या. आमचा भाग जिरायती. सऱ्या पाहायच्या तर खाली नीरा डाव्या कालव्याकडे जावं लागतं. तशाच एकाशेजारी एक, थोड्या वळत गेलेल्या. दोनशेपटीला एकच सरी पडदाभर झाली आणि तिचे दोन्ही काठ उखडलेले दिसले. लाख निघून गेली होती, दगडाचे कण उघडे पडले होते. उन्हाळ्यातल्या कऱ्हेच्या पात्रात गोटे दिसतात तसे. हजारपटीला काहीच नव्हतं: एक भेग, दोन गोटे, कापसाचा एक तंतू. सुराचं एक वळण मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि मी पाहत होतो मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात. वराहाच्या झुलीला नाक लावून विष्णू शोधण्याचा तोच प्रकार. बाईंनी न विचारताच पट कमी केले.

पण कपची उलटी करून दुसऱ्या बाजूलाही मुलामा दिला तेव्हा फरक कळला. दुसरीकडच्या सऱ्यांचे काठ सारवलेल्या भिंतीसारखे गुळगुळीत होते. दगडावरची लाख जागच्या जागी. ही बाजू जवळजवळ वाजलीच नव्हती. आणि झिजलेल्या बाजूला, पहिल्या दोन-चार खाचांवर पिन टेकवल्याचे ओरखडे होते, ते असायचेच. पण साठाव्या ते सत्तराव्या खाचांच्या दरम्यान ओरखड्यांचा दुसरा झुबका होता. सुमारे पासष्टावी खाच म्हणजे पासष्ट फेरे, म्हणजे गाणं सुरू झाल्यावर पन्नासेक सेकंद. हे ओरखडे खाचेच्या दिशेनं नव्हते. खाचांना आडवे छेदत ते काठाकडे गेले होते. पिन उचलून मागे ठेवली नव्हती, धड न उचलता बाहेरच्या बाजूला ओढली होती. एकदा नव्हे, इतक्या वेळा की ओरखडे एकमेकांवर चढले होते.

गाणारीचा शोध घ्यायला गेलो आणि सापडली ती ऐकणारी. संगीताच्या इतिहासात ऐकणाऱ्यांची नोंद कुठंच नसते. कोण गायलं, कुणी साथ केली, कंपनी कोणती, नंबर कोणता याच्या याद्या आहेत, आणि त्या फार कष्टानं झालेल्या आहेत. मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय मुद्रणांची सूची केली. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी, डॉ. सुरेश चांदवणकरांसारख्यांनी, आयुष्यातली वर्षं यात घातली. पण ती रेकॉर्ड कुणाच्या घरात कुठल्या जागी झिजली, हे यादीत येणार कसं?

मुंबईच्याच एका संग्राहकांकडे मी तुकडे घेऊन गेलो आणि टिपण वाचायला दिलं. त्यांनी टिपण बाजूला ठेवलं, लेबल दिव्याखाली धरलं आणि म्हणाले, "खरवडलंय कुणी सांगितलं तुम्हाला? कसर लागलीय ही." चाकूनं खरवडलं तर एका दिशेच्या रेघा पडतात आणि आजूबाजूच्या लाखेलाही ओरखडे जातात. इथं एकही रेघ नव्हती. कागदाचा वरचा पापुद्रा तेवढा कुरतडलेला, कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या. ही रेकॉर्ड तळाशी असणार, म्हणून एकटीच सापडली किड्यांना. जे मी हजारपट करून पाहायला निघालो होतो ते भिंगातून दिसत होतं, फक्त मी लेबलाला भिंग लावलंच नव्हतं. चार पानं तिथंच संपली. ज्या चौघांना वाचून दाखवलं होतं त्यांना मी फोन केले.

लेबल आणि खाच यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीत कोरलेला नंबर असतो, त्यावरून कंपनीच्या वहीतली नोंद शोधता येते. नंबराच्या पुढेमागे खुणाही असतात. त्रिकोण असला तर १९२५नंतर आलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या मायक्रोफोन पद्धतीचं मुद्रण, चौकोन असला तर १९३१नंतरच्या अॅलन ब्लमलाइन यांच्या पद्धतीचं. आमच्या तुकड्यावर त्रिकोण होता. नंबराचे शेवटचे दोन आकडे मात्र भेगेत गेले होते.

आवाज काढायचे मार्ग दोन. एक अमेरिकेतला. बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव हे कणभौतिकीतले लोक. कणांचे माग मोजायला केलेली प्रकाशीय मोजमापाची पद्धत त्यांनी रेकॉर्डच्या खाचेला लावली. सुई टेकवायची नाही, खाचेचे फोटो घ्यायचे, तिचं डुलणं संगणकानं मोजायचं आणि त्यावरून आवाज करायचा. पहिला प्रयोग १९५०च्या एका अमेरिकन गाण्याच्या रेकॉर्डवर केला, त्यातल्या बाईच्या नावावरून पद्धतीला आयरीन हे नाव पडलं. फुटलेल्या तबकड्यांचे तुकडेही अशा पद्धतीनं कागदोपत्री जुळवता येतात. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर्गला आधी रेकॉर्डचा मोठा फोटो काढून तो वाचण्याची पद्धत केली गेली. १८६०मध्ये पॅरिसला स्कॉट द मार्टिनव्हिल यांनी काजळी लावलेल्या कागदावर आवाजाची रेघ ओढून ठेवली होती, ऐकण्यासाठी नव्हे, नुसती पाहण्यासाठी. २००८मध्ये संगणकानं ती गायली. या सगळ्यांत वापरलेला पट किती, तर सूर दिसेल एवढाच.

खाच पाहून गाणं ओळखायचं काम आपण आणखी एकावर सोपवलेलं आहे. फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या तबकडीत आहे. ती तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे. झाकणावर सुई कशी टेकवायची, किती वेगानं फिरवायची याच्या खुणा कोरल्या आहेत, कारण ज्यांना सापडेल त्यांना रेकॉर्ड म्हणजे काय हेच माहीत नसणार. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचे गुरू अल्लादियाखाँ यांनी तर एकही रेकॉर्ड मागे ठेवली नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. गुरूंची खाच पृथ्वीवर कुठंच नाही आणि शिष्येची सूर्यमालेच्या वेशीबाहेर गेली. त्या तबकडीचं एक बरं आहे: तिच्यावर पोलादी पिन अजून एकदाही फिरलेली नाही.

आमच्या तुकड्यांना बर्कलीची गरज नाही, असं संग्राहक म्हणाले. त्यांनी काचेच्या जाड तबकडीवर दोन्ही तुकडे आणि कपची खाचेला खाच जुळवून मेणानं बसवली. या कामात अर्धा दिवस गेला. सोन्यामुळे कपची पिवळी झाक मारत होती. मग दोन-तीन ग्रॅम भाराची, जुन्या रुंद खाचांसाठीची सुई लावून, वेग कमी ठेवून त्यांनी ती उतरवून घेतली आणि संगणकावर ७८ केली. दर फेऱ्याला भेगा आडव्या येतात, त्यांचे टक् टक् आवाज एकेक करून काढले. मग बाईचा आवाज आला. खडा, वरच्या पट्टीतला, ऑर्गन आणि तबला मागे. पन्नास सेकंदांवर एक छोटी उतरती तान येते आणि ती मुखड्याच्या पहिल्या शब्दावर येऊन टेकते. अवघे पाच-सहा सेकंद. आवाज कुणाचा, याबद्दल संग्राहकांनी दोन नावं सुचवली. खात्री होत नाही तोवर ती मी इथं लिहीत नाही.

माझी आत्या बारामतीला लेकाकडे असते. शहाऐंशी वर्षांची आहे. कानाला कमी ऐकू येतं, म्हणून फोनला छोटा स्पीकर जोडून तिच्या उशापाशी ठेवला. गाणं सुरू झालं तशी ती उठून बसली. तान आली, मुखडा आला आणि तिनं हात वर केला.

"आता मागं घे."

मला कळेना. "काय मागं घेऊ, आत्या?"

"आरं पिन मागं घे की. आय भाकऱ्या थापायची. हात पिठानं भरल्यालं आसायचं. ती चुलीपसनं वरडायची, मागं घे गं, की मी डबी धरून मागं वडायची. उचलाया यायची न्हाई मला, लई जड व्हती." आणि शहाऐंशी वर्षांच्या बाईनं ती तान गुणगुणून दाखवली, टेकायच्या जागी बरोबर टेकली. आईला ती तान कितीतरी दिवस जमत नव्हती, असं म्हणाली. नंतर जमली.

मी ओरखड्यांचा फोटो तिच्यापुढे धरला. तिला त्यात काही दिसलं नाही.

"आणि दुसरी बाजू गं? ती का नाही लावली कधी?"

"दुसरी बाजू?" ती म्हणाली. "तिकडं बी तेच गानं आसतंय ना?"

घरात वाचता येणारं माणूस तेव्हा आजोबा एकटेच, आणि ते या फोनोच्या वाटेला जात नसत. दुसऱ्या बाजूला तेच गाणं नाही. त्याच गाण्याचा उत्तरार्ध आहे. तीन मिनिटांत न मावलेलं पद अशी रेकॉर्ड पालटून पुरं करायची पद्धत होती. मी ती बाजू लावली. आत्या शेवटपर्यंत गप्प बसून ऐकत राहिली.

"हे आयला म्हाईतच नव्हतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पुन्यांदा लाव."